पाच मिनिटांचं स्टूल

ताईला कदाचित आठवत असेल, पण तू तेव्हा चारच वर्षांचा होतास. सुट्टीत तुम्ही संभाजीनगरला आमच्याकडे आला होतात. आजोबांना बरं वाटेना म्हणून पैठणचं धरण बघायला जाणं रद्द झालं आणि तू पोह्यांची ताटली भिरकावलीस. मी तुला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि घड्याळ लावलं. "पाच मिनिटं. आवाज नको." तुझ्या आईला लहानपणी बसवायचे, तेच हे स्टूल.

दुसऱ्याच मिनिटाला तू गप्प झालास. हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले. मला कोण अभिमान वाटला!

"सुटली का शाळा, हेडमास्तरीणबाई?" म्हणत आजोबा ऑक्सिमीटर घेऊन आत आले. रोज नाश्त्यानंतर ते बोटाला लावून नाडी बघायचे आणि मी वहीत लिहायचे. तू मुकाट्याने तुझं बोट पुढे केलंस. आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस.

"सेल गेले वाटतं," मी म्हणाले. स्वतःला लावून पाहिलं, शहात्तर. पुन्हा तुला, एकशे बेचाळीस. तुझ्या शर्टाखाली हात घातला. छाती शिलाई मशीनसारखी धडधडत होती आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

तुझी आई दारात उभी होती. "आई, मीही अशीच गप्प बसायचे," ती म्हणाली. "तुला वाटायचं, शांत झाले." मग ती सांडलेले पोहे गोळा करायला लागली.

मी तुला मांडीवर घेतलं. तेव्हा कुठे तू मोठ्याने रडलास, माझा पदर भिजवलास. आकडा हळूहळू उतरत गेला. मूल स्वतःला आवरायला शिकतं ते असं, कुणाच्या तरी अंगाला टेकून. मी तोवर फक्त लपवायला शिकवलं होतं.

तुझ्या आईच्या छातीवर मी कधी हात ठेवून पाहिला नाही. तुम्ही निघालात तेव्हा विमानतळावर तिला हे सांगायचं होतं. "पासपोर्ट घेतलेस ना?" एवढंच विचारलं.

इंग्रजीत लिहिलं असतं, तर तुम्ही आपलं आपण वाचलं असतंत. मराठी तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे तुमची आईच मोठ्याने वाचून दाखवणार. म्हणून मराठीत लिहिलं. ती मध्येच थांबली तर घाई करू नका. दोघं तिला टेकून बसा.