कडबाकुट्टीच्या आवाजातला शब्द

बारामतीच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, पंचवीसेक वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, आणि गेल्या काही वर्षांत हेडफोनही लागू लागला, कारण वकील कागदांबरोबर पेन ड्राइव्ह आणायला लागले. नवरा-बायकोची भांडणं, भावकीतल्या धमक्या, सगळं फोनवर रेकॉर्ड केलेलं असतं. कोर्टाला ते कागदावर लागतं. मी ऐकते, उतरवते आणि खाली ‘ऐकू आलं तसं उतरवलं’ असं लिहून सही करते.

कामाचे नियम दोनच. बोलणारा ‘न्हाय’ म्हणाला तर ‘न्हाय’च लिहायचं, त्याला पुण्याला नेऊन ‘नाही’ करायचं नाही. आणि ऐकू आलं नाही तिथं कंसात ‘अस्पष्ट’ लिहायचं, अंदाजपंचे भरायचं नाही. काही टायपिस्ट कंटाळले की पानात चार-चार ‘अस्पष्ट’ टाकून मोकळे होतात. माझ्या कागदात तो शब्द सहसा सापडायचा नाही. माझे कान तिखट आहेत आणि मला त्याचा माज होता, हे आधीच सांगून टाकते.

लोकांना वाटतं, हिला दोन तालुक्यांची अंडीपिल्ली ठाऊक. ठाऊक असतात, पण शटर ओढलं की त्यांचा विषय घरी नेत नाही. ज्या दाव्याबद्दल लिहिते आहे तो बंद दाराआड चालला होता, म्हणून गावं बदलते. दाव्यातल्या मुलीचं सासर मोरगावच्या बाजूला आणि माहेर सणसरच्या बाजूला धरा.

नवऱ्याने घटस्फोट मागितला होता आणि दोन वर्षांच्या मुलाचा ताबाही. बायकोच्या फोनमध्ये तिच्या नकळत कॉल रेकॉर्ड होण्याची सोय त्याने करून ठेवली होती. त्याच्या वकिलाने मला त्यातलं एकच वाक्य टाइप करायला दिलं. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी ती माहेरी फोनवर म्हणाली होती, “आये, वाटतंय, याला एस्टी स्टँडवर बाकड्यावर ठिवावं आन् यील त्या गाडीत बसून जावं.”

“बास, एवढंच द्या,” वकील म्हणाले. “असल्या बाईला पोर कोण देतंय?”

मी टाइप करून दिलं. ती पोर जन्माला पुरेल एवढी अडकली, असं मला वाटलं. वाईटही वाटलं, पण वाईट वाटण्याचे मला कुणी पैसे देत नाही.

बायकोच्या वकीलबाईंनी कडाडून हरकत घेतली. चोरून केलेलं रेकॉर्डिंग हा तिच्या खासगीपणावर घाला आहे आणि हे तर नवरा-बायकोमधलंही बोलणं नाही, लेकीने आईजवळ मन मोकळं केलंय, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही वकिलांनी वरच्या कोर्टांचे निकाल काढले, आणि ते दोन्हीकडचे निघाले. जजसाहेबांनी आदेश केला तो मी वाचला आहे. बायकोच्या फोनवर असा पहारा ठेवणं त्यांना मुळीच आवडलं नव्हतं आणि तसं त्यांनी लिहिलं. पण प्रश्न मुलाच्या हिताचा होता, त्यामुळे पुरावा डोळ्याआड करता येत नव्हता. म्हणून तुकडा चालणार नाही, अख्खा कॉल लिहून आणा, आणि सुनावणी दार लावून होईल, असं ठरलं.

नवऱ्याचं म्हणणं, बायकोची अब्रू, मुलाचं हित, तिन्हींचा विचार त्या दोन पानांत होता. फोनच्या दुसऱ्या टोकाला जी बाई होती, ती दाव्यात पक्षकार नव्हती. तिचा विचार कुणी केला नाही, आणि खरं सांगते, मीही केला नाही.

अख्खा कॉल माझ्याकडे आला. लेकीचं ते वाक्य झाल्यावर आईने उत्तर दिलं. पण तिच्याकडे गोठ्यात चारा कापायची कडबाकुट्टी सुरू होती. तिच्या घरघरीत निम्मं बोलणं बुडालेलं. तरी बरंचसं मी पहिल्या दोन खेपांत धरलं:

“लई मनाला लावून घिऊ नगं. मला बी (अस्पष्ट) येळंला आसंच व्हायचं. उसाच्या बांधावर त्याला निजवायचं आन् सरळ चालत सुटायचं. दोन वावरं गेल्यावर पाय माघारी वळायचं. जातं ह्ये. सगळ्या बायांचं जातं.”

मी हेडफोन काढला. मुलगी सुटणार, हे मला कळलं होतं. एक शब्द तेवढा राहिला होता. तो नसला तरी अर्थाला काही धक्का नव्हता, आणि कुणी विचारलंही नसतं. पण कंसातलं ते ‘अस्पष्ट’ मला दातात अडकल्यासारखं टोचत राहिलं. पंखा बंद केला, दार लावलं, आवाज हळू केला, मोठा केला. सातव्या-आठव्या खेपेला शब्द हाती आला. कंस पुसून मी तिथं लिहिलं, ‘थोरल्याच्या’.

त्या दिवशी मी फार खुशीत होते. स्वतःसाठी वडापाव मागवला, हेही आठवतं.

निकाल मुलीच्या बाजूने लागला. घटस्फोट झाला, पण मुलगा आईकडे राहिला. तिच्या वकीलबाई पेढे घेऊन आल्या आणि त्यांनी निकालातलं एक पान मला दाखवलं. बाळंतपणानंतर असं वाटणं म्हणजे मुलावर माया नसणं नव्हे, हे सांगताना साहेबांनी आईचं उत्तर जसंच्या तसं दिलं होतं, अवतरणचिन्हांत, एकही अक्षर न बदलता. ‘न्हाय’चं ‘नाही’ होतं की काय अशी मला धास्ती असते. इथं सगळं शाबूत होतं.

महिन्याभराने दुपारी एक वयस्क बाई दुकानात आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीतून निकालाची नक्कल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि त्या पानावर बोट ठेवलं.

“ह्ये लिवणाऱ्या तुमीच का? वकीलबाईंनी तुमचं दुकान दावलं.”

आवाज ऐकताच मी ओळखलं. तो आवाज मी आठ वेळा ऐकला होता.

“बसा मावशी,” मी म्हणाले. “तुमच्या बोलण्यानं नातू घरी आला.”

“आला की. त्येचं काय म्हणणं न्हाय माजं. ह्येच्यातला एक शबुद खोडता येतो का, त्ये इच्यारायला आल्ये.”

कुठला शब्द, ते विचारायची गरज पडली नाही.

मग त्यांनी सांगितलं. दाव्याची प्रत्येक तारीख त्यांच्या थोरल्या मुलाने केली. बहिणीला, आईला गाडीवर घेऊन यायचा. सुनावणीला दार लागलं की इतरांबरोबर त्यालाही बाहेर काढायचे. निकालाची नक्कल घ्यायलाही तोच आला, आणि आपण जिंकलो म्हणून कोर्टाच्या पायरीवर बसून त्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

मी त्यांना नियम सांगितले. शब्द वगळायचा तर अर्ज करावा लागेल, कारण द्यावं लागेल, समोरच्या वकिलाचं म्हणणं येईल, साहेब पुन्हा ते वाक्य वाचतील.

“म्हंजी पुन्यांदा समद्यांम्होरं वाचायचं?”

“हो.”

“मंग ऱ्हाऊ द्या.”

त्यांनी नक्कल घडी घालून पिशवीत ठेवली. मला त्यांच्याकडे बघवेना. कंस तसाच ठेवला असता तर नातू तरीही मिळाला असता, आणि हे त्यांना सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. चूक माझीच होती. नियमाप्रमाणे केलेली असली तरी माझीच.

“तो चिडला का?” मी विचारलं.

“न्हाय वो. चिडला आस्ता तर बरं झालं आस्तं. औषिद आणून देतो, जेवाय बसतो. मंग येक दिस गोठ्यात मागं यून हुबा ऱ्हायला आन् म्हनला, ‘आये, किती येळा?’”

“मग?”

“म्हनलं, येकदाच रं बाबा.”

आज त्याला न सांगता एस्टीने आले, असं त्या म्हणाल्या. उठता उठता त्यांची नजर टेबलावरच्या माझ्या मोबाइलवर गेली.

“ह्ये चालू हाय का?”

मी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. त्या पुन्हा खाली बसल्या आणि किती वेळा ते त्यांनी मला सांगितलं. मला एकदाच ऐकून स्पष्ट ऐकू आलं. तो आकडा मी इथं लिहिणार नाही.