खाल्ले नव्हे, झाले

बातमीत कुणी ‘गोल खाल्ले’ असं लिहिलं की काकांची निळी पेन्सिल त्या ‘खाल्ले’वर आडवी पडायची. वर ते लिहायचे, ‘झाले’. मग चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, “गोल खात नाहीत रे, गोल होतात. भजी आहेत का ती?”

एखाद्या शब्दाशी असं हाडवैर धरलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला विक्षिप्त म्हणतो आणि कामाला लागतो. आम्हीही तेच केलं.

गिरगावातल्या आमच्या दैनिकात काका फुटबॉलच्या बातम्या बघायचे. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सगळा अंक सभांनी, मोर्चांनी आणि अटकांनी भरलेला. फुटबॉलला उरायच्या दोन ओळी, त्याही ऐन वेळी जाहिरात आली नाही तर. तेवढ्यासाठी हा गृहस्थ भर पावसाळ्यात बंद गळ्याचा कोट घालून, काळी टोपी आणि छत्री सांभाळत मैदानावर जायचा. “मुंबई मिळाली की बघू तुमचा फुटबॉल,” असं आमचे मुख्य उपसंपादक म्हणायचे. काका म्हणायचे, “मिळेल तेव्हा तिच्यात फुटबॉलपण असेल ना?”

त्यांची मोजदाद चण्यांवर चालायची. मैदानाबाहेर भाजलेल्या चण्यांची पुडी घ्यायची आणि उजव्या खिशात रिकामी करायची. गोलरक्षकाने चेंडू अडवला की एक चणा डाव्या खिशात. गोल झाला की एक चणा समोरच्या कबुतरांना. कचेरीत परतल्यावर डावा खिसा टेबलावर मोकळा करून मोजायचा, आणि मग ते अडवलेले चणे चहाबरोबर एकेक करून खायचे. “झालेले सगळेच मोजतात,” ते म्हणायचे.

या बाबतीत ते फार कडक होते. एकदा खांबाला लागून परतलेला चेंडू मी अडवलेल्यांत धरला, तर केवढे उखडले! “खांबाने अडवला तो खांबाचा. माणसाच्या नावावर फुकटचं पुण्य टाकू नकोस.”

एका शनिवारी मी असाच पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो. मला संध्याकाळी सभेला जायचं होतं, दुपार मोकळी होती. सामना लालबागच्या एका गिरणीचा, बंदरावरच्या एका बड्या कंपनीशी. दोन्हीकडचे खेळाडू पगारी. पण गिरणीचे तिघं आदल्या दिवशी मोर्चात पकडले गेले होते, त्यामुळे त्यांचे आठच जण चिखलात उतरले. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. चेंडू सगळा वेळ गिरणीच्याच गोलासमोर. आठ गोल झाले. गिरणीला कॉर्नर एकही नाही. पण त्यांचा गोलरक्षक, उंच, किडकिडीत पोरगा, वेड्यासारखा झेपावत होता. काकांचा हात उजव्या खिशातून डाव्या खिशात सारखा जात होता.

शेवटी शेवटी आमच्या मागून कुणीतरी ओरडलं, “काय रे, पोट भरलं काय? का अजून वाढू?”

लोक खो खो हसले. काका ताडकन उभे राहिले. त्यांचा पातळ आवाज एवढा चढू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. “खात नाहीत! होतात!”

गोलरक्षकाने मान वळवली. आमच्याकडे बघितलं, आणि बघतच राहिला. चेंडू त्याच्या बाजूने आत गेला. नववा.

काका खाली बसले. कबुतरांना चणा टाकायचाही राहिला. “हा माझ्यामुळे झाला,” ते म्हणाले.

आम्ही ट्रॅमने परत निघालो. ठाकूरद्वार जवळ आल्यावर ते आपणहूनच बोलले.

“माझा मुलगा तो. आमच्याकडे तीन पिढ्या कारकुनी. याला मी शब्द टाकून एका सरकारी कचेरीत चिकटवला, आणि हा ती नोकरी सोडून गिरणीकडून खेळायला निघाला. ताटावर बसला होता. मी म्हटलं, गोल खाऊनच पोट भरणार असशील तर या घरात पाट मांडायची गरज नाही.” छत्रीच्या मुठीवर त्यांची बोटं फिरत राहिली. “उठला तो उठलाच. त्याची आई होती तोवर ती चोरून लालबागला जायची. आता तीही नाही.”

“मग तुम्हीच जा ना, काका.”

“कसा जाऊ? जेव म्हणाला तर कुठल्या तोंडाने जेवू?” मग हळूच म्हणाले, “आपला पेपर घेतो तो. मी तिथल्या पेपरवाल्याला विचारलंय.”

कचेरीत त्यांनी डावा खिसा रिकामा केला. सतरा चणे. त्यांनी बातमी लिहिली, नऊ-शून्य, आणि खाली एक ओळ जोडली: ‘पराभूत संघाच्या गोलरक्षकाने सतरा चेंडू अडवले.’ ती घेऊन ते स्वतः मुख्य उपसंपादकांच्या टेबलापाशी गेले. त्यांना काही मागताना मी तेव्हाच पाहिलं. “एवढी ओळ राहू द्या. जमवाच.” मुख्य उपसंपादकांनी अटकेतल्या माणसांच्या नावांचा कागद त्यांच्यापुढे धरला. नावं संपत नव्हती. काका आपल्या खुर्चीवर परत आले.

सकाळी अंकात होतं: ‘गिरणी संघ नऊ गोलांनी पराभूत.’ चणे तसेच टेबलावर होते. काका दिवसभर त्यांच्याकडे न बघता मुद्रितं तपासत बसले. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार माया वाटली आणि काही करता आलं नाही.

मुंबई मिळाली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. काकांनी एक पेढा कागदात बांधून खिशात टाकला. कुणासाठी, ते मला ठाऊक होतं. पुढच्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

काही दिवसांनी एक उंच माणूस कचेरीचा जिना चढून आला. “बाबा बसायचे कुठे?” मी खुर्ची दाखवली. तो बसला नाही, पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी त्याला न छापलेली ती ओळ सांगितली. सतरा चेंडू अडवले.

“सतरा नाय,” तो लगेच म्हणाला. “सोळा. एक खांबाला लागून बाहेर गेला होता. माझा हातच पोचला नव्हता.”

मला खांबाच्या पुण्यावरून उखडलेले काका आठवले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, तो मान खाली घालून खुर्चीकडे बघत राहिला. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवरून निघेना.

मग त्याने विचारलं, “जेवायचे कुठे ते?”

“कोपऱ्यावरच्या खानावळीत. खिडकीजवळ बसायचे.”

“एकटेच?”

मी मान डोलावली. तो जिना उतरला. मी गॅलरीत येऊन बघितलं. दुपारची वेळ होती, खानावळीत गर्दी होती. तो दाराशी थोडा थांबला, चपला काढल्या, आणि आत गेला.