ओट्याची उंची

आमच्या दादाने तीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले. स्वतःचं घर बांधायला घेतलं, तेव्हा तर स्वारी हवेतच होती. पायरी किती उंच, खिडकी किती रुंद, सगळं तोंडपाठ. आल्यागेल्याला हॉलमध्ये उभं करून उजेड कुठून कसा येतो ते दाखवायचा. हातातला चहा गार व्हायचा, पण सुटका नाही.

तो चहा वहिनी करायची, लाकडी खोक्यावर उभी राहून. कारण ओटा चौतीस इंच उंच! राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "अहो, ओटा जरा उंच झालाय."

"उंच नाही, बरोबर आहे," दादा म्हणाला. "सगळीकडे हेच माप असतं."

झालं. भाजी चिरायला वहिनी खोक्यावर चढायची, फ्रिज उघडायला उतरायची. अशी अकरा वर्षं! पाय भरून यायचे तिचे. मी किती वेळा दादाचं डोकं खाल्लं. "अगं, होते सवय," एवढंच त्याचं उत्तर. कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं मला. सगळी सवय तिनेच करून घ्यायची का?

दोन महिन्यांपूर्वी ती त्या खोक्यावरून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर घालून लेकीकडे गेली ती प्लास्टर निघालं तरी परत येईना. "त्या स्वयंपाकघरात मी आता पाय ठेवणार नाही," असं तिने दादाला फोनवर स्वच्छ सांगितलं. दादा चार दिवस हेका धरून बसला. पाचव्या दिवशी मी गेले, तर भर दुपारी हॉलमध्ये एकटाच बसला होता. मला पाहून रडायलाच लागला. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

मीच गवंडी बोलावला. त्याने ओट्यावर हात ठेवून विचारलं, "बाईंची उंची किती?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. घरातल्या प्रत्येक दाराची उंची झोपेत सांगेल हा माणूस!

"माझ्याकडे काय बघतोस? फोन लाव तिला!" मी ओरडले.

त्याने लावला. स्पीकर चालू होता. "अगं, ओटा खाली घेतोय. तुझी उंची किती गं?"

पलीकडून वहिनी म्हणाली, "चार फूट आठ. घर बांधलंत तेव्हाही एवढीच होते."