जैनोद्दीननं हात का वर केला

माणूस चांगला जमिनीवर उभा असतो. तो विमानात बसतो, वर जातो, आणि त्याच विमानातून खाली उडी टाकतो. का? हा प्रश्न मला इतका छळत होता की एकदा चुलीवरचा चहा सगळा उतू गेला आणि बायकोनं, महादेवीनं, गिऱ्हाइकांसमोर माझी खरडपट्टी काढली. पण चौकशीची मला खोडच आहे. जळकोटच्या स्टँडसमोर हॉटेल चालवणाऱ्याला ती नसेल, तर त्यानं दुसरा धंदा बघावा. सोलापूर-हैदराबाद गाडीतून उतरलेल्या माणसाचं गाव कोणतं आणि तो कुणाकडे निघालाय, एवढं चहा गाळून होईपर्यंत मला कळलेलं असतं.

एका माणसानं मात्र मला दाद दिली नाही. तो म्हणजे पाशामियाँचा मुलगा जैनोद्दीन.

त्यांचं आणि माझं गाव एकच, जळकोटपासून आत. नाव सांगत नाही, कारण तिथल्या सोसायटीतली मंडळी अजून माझ्याकडेच चहाला येतात. पाशामियाँ त्या सोसायटीच्या गोदामाचे पारेकरी, म्हणजे राखणदार. मोठा दुष्काळ सरल्यावर जैनोद्दीन लष्करात भरती झाला, नाशिकरोडला तोफखान्यात. यात नवल काही नाही. त्या वर्षांत दोन वेळचं पोटभर मिळेल तिकडे पोरं जात होती. नवल पुढे आहे. तोफखान्यातून हा गडी आपणहून आग्र्याला पॅरात गेला, म्हणजे छत्री बांधून विमानातून उड्या टाकणाऱ्या पलटणीत. तिथे कुणाला धरून नेत नाहीत. ज्याला जायचं त्यानं हात वर करायचा. यानं हात वर केला होता. एवढं त्यानंच सांगितलं होतं, पुढचं नाही.

ऐंशी साली तो रजेवर आला. लालसर टोपी, बूट असे की त्यात तोंड दिसावं. ट्रंक अजून खाली टेकली नव्हती तोवर मी विचारलं.

"जैनू, उडी का मारतोस रे?"

"चहा द्या की आप्पा. आग्र्यापासून असला चहा मिळाला न्हाय," म्हणाला आणि हसला. झालं, माझं उत्तर चहात बुडालं.

मग गावानं आपापली उत्तरं काढली. सोसायटीचे सचिव तात्याराव म्हणाले, जादा पगार मिळतो. शाळेतले गुरुजी म्हणाले, देशप्रेम. महादेवी म्हणाली, कुठल्यातरी पोरीनं नाही म्हटलं असेल. माझं स्वतःचं उत्तर जरा खोलातलं होतं. निजामाच्या वेळच्या जुन्या गोष्टी काढून तिकडे कुणीतरी त्याला टोचलं असणार, आणि हा इरेला पेटला असणार. हे उत्तर मला फार आवडलं होतं. मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो, जैनोद्दीननंच सांगितल्यासारखं.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये त्याचं लग्न आलं. मुलगी लोहाऱ्याची, लालबी. तिची आई हमिदाबी बाजारात बांगड्या भरते. साऱ्या तालुक्यातल्या बायकांची मनगटं तिला पाठ. एका रजेत मुलानं मुलगी पाहिली, मुलीनं पडद्याआडून मुलगा पाहिला, दोघांना पसंत. पुढच्या रजेला येताना जैनोद्दीननं तर आग्र्याहून एक जनानी चप्पल आणून ट्रंकेत ठेवली होती. माप माहीत नसताना! इतका तो मनातून गुंतला होता. आणि हमिदाबीनं नाही म्हटलं.

नळदुर्गच्या बाजाराला जाताना ती माझ्या हॉटेलात आली. बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली.

"आप्पा, माझी थोरली घरी बसलीय, तुमाला ठावं हाय. दुष्काळात तिचा नवरा म्हमईला गेला. म्हैन्यात येतो म्हनला. आजून येतोय. एक जावई चालत्या संसारातनं उतरून गेला. ह्यो तर चालत्या इमानातनं उतरतो! असल्याच्या हाती दुसरी पोरगी देऊ व्हय?"

मी म्हणालो, "हमिदाबी, ती नोकरी हाय त्याची."

"नोकरी तोफंची व्हती की. ही त्यानं मागून घेतली. का घेतली, ते त्याच्या तोंडून कळू द्या. त्या घराचं काय सांगावं? बाप रिकाम्या गोदामाचा पारा करायचा म्हनत्यात. पोरगं आभाळातनं उड्या टाकतंय. रगतातच काय आसंल तर?"

रिकाम्या गोदामाची गोष्ट खोटी नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या गोदामातलं बी गेलं, खत गेलं, शेवटी रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आली तीही संपली. पंचमंडळी जिकडं पाणी तिकडं गेली. तात्याराव सासुरवाडीला बार्शीकडे गेले. पाशामियाँ मात्र दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे आणि दिवस मावळला की काठी घेऊन गोदामाच्या दाराशी जाऊन बसायचे. आत दाणा नाही. उंदीरसुद्धा गाव सोडून गेले होते. लोक थट्टा करायचे, "पाशाभाई, आत काय राखताव? वारा?" त्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं: "पारा सोड म्हनून मला कुनी सांगितलं न्हाय." पुढे हे गावात बोलणंच होऊन बसलं. कुणी उगाच कुठे ताटकळत राहिला की म्हणायचे, ह्याला कुनी सांगितलं न्हाय वाटतं. पाऊस पडल्यावर तात्याराव परत आले. कुलूप जसंच्या तसं, शेजारी पाशामियाँ. तात्यारावांनी किल्ली काढली आणि दार उघडलं, आदल्या दिवशीच बंद केल्यासारखं. मी एकदा तात्यारावांना विचारलं होतं, जाताना म्हाताऱ्याला एक शब्द का नाही सांगितला? "ध्यानात राहिलं नाही," म्हणाले. मला असा संताप आला की त्यांच्या पुढ्यातला अर्धा चहा मी उचलून नेला.

तर आता लग्न या एका प्रश्नावर अडलं होतं, आणि तो प्रश्न माझाच होता. मी जैनोद्दीनला गाठलं. हमिदाबीचा निरोप सांगितला. तो ट्रंकेपाशी जाऊन बसला.

"आप्पा, ते सांगायचं तर अब्बाची गोष्ट काढावी लागती. व्हनाऱ्या सोयऱ्यांपुढं त्यांचं हसं करू? ऱ्हाऊ द्या. रजा संपली की जातो म्या."

"आणि ती चप्पल?"

"ती तुमच्या महादेवीअक्काला द्या."

"तिच्या पायाला तसल्या दोन लागतील!" मी ओरडलो. मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटत होतं. पोरगं तोंड फिरवून ट्रंकेच्या कडीशी चाळा करत बसलं होतं. उत्तर बापाशी येऊन थांबतंय, एवढं मला कळलं. पण बापाचं आणि विमानाचं नातं काय? माझी सगळी उत्तरं एकाएकी फिकी वाटायला लागली.

मी गप्प बसणारा नव्हे. पाशामियाँकडे जाऊन म्हणालो, पाशाभाई, लोहाऱ्याला चला, बोलणी तुटायला आलीत. बापाशिवाय बोलणी कशी व्हायची? जैनोद्दीनच्या मनात नव्हतं, पण वडील निघाल्यावर त्याला मागे राहता येईना. आम्ही तिघे दुपारच्या एसटीनं लोहाऱ्याला गेलो. पाशामियाँनी धुतलेला सदरा घातला होता आणि काठी सोबत घेतली होती. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, "मावळायच्या आत माघारी येऊ न्हवं? पारा हाय."

हमिदाबीनं सतरंजी टाकली. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागून बांगड्या वाजत होत्या. माझ्यासाठी सगळे मराठीतच बोलत होते. सरबत झालं, पावसापाण्याचं झालं. मग हमिदाबीनं सरळ विषयाला हात घातला.

"बेटा, तू ही नोकरी मागून का घेतलीस?"

जैनोद्दीन सतरंजीकडे पाहत राहिला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात पाशामियाँच म्हणाले, "सांग की. मलाबी कळंना झालंय. तुझी मा आसतानी तिनंबी इचारलं व्हतं, तवाबी बोलला न्हाईस."

तो मान खाली घालूनच बोलायला लागला.

"नाशिकरोडला मैदानात आमाला रांगंत उभं केलं व्हतं. सुभेदार सायेब आले. लांबनं ओरडले, 'पैरा में कौन जाएगा? हाथ खड़ा करो.' कुनीच हात करंना. मला नवल वाटलं. आमच्या घरात..." तो थांबला.

मला एकदम उलगडलं! पहाऱ्याला आमच्या मराठीत पारा म्हणतात आणि पाशामियाँच्या घरातल्या दखनीत पैरा. "अब्बा पैरे पे गए" हे त्या घरात रोज संध्याकाळी बोललं जायचं. सुभेदार सांगत होते पॅरा, आणि आमच्या पठ्ठ्यानं ऐकला पहारा.

"मला वाटलं, राखन करायला मानूस पायजे," जैनोद्दीन म्हणाला. "ह्ये तर घरचं काम. मनात म्हनलं, रातभर उभं ऱ्हायचं, त्याला काय भ्यायचं? आन् म्या हात वर केला."

आधी मी हसलो. मग हमिदाबी पदर तोंडाला लावून हसली. पडद्यामागे तर बांगड्यांचा नुसता खळखळाट. पगार नाही, देशप्रेम नाही, माझा खोलातला तर्क तर नाहीच नाही. ऐकण्यात चूक झाली म्हणून माणूस आभाळात गेला होता! पाशामियाँ तेवढे हसत नव्हते. ते मुलाकडे एकटक पाहत होते.

हमिदाबीनं डोळे पुसले आणि तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. बांगडी भरताना हात दाबून बघतात तसा तिनं पुढचा प्रश्न टाकला.

"चुकून गेलास, मान्य. मग कळल्यावर माघारी का आला न्हाईस? येता येत न्हवतं?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत मला सुचला नव्हता.

"येता येत व्हतं, खाला. आग्र्याला शिकवनाऱ्या उस्तादांनी सांगितलं, ज्याला जायचं त्यानं आपल्या जुन्या पलटनीत जावं, कुनी कायबी म्हननार न्हाय. काहीजन गेलेबी."

"मग?"

"ज्याला जायचं त्यानं जावं म्हनले. जैनोद्दीन, तू जा, आसं कुनी म्हनलं न्हाय."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून, आणि ऐकून हसलो होतो.

जैनोद्दीन आता थांबला नाही. "प्याकेट म्हनत्यात त्या इमानाला. दार उघडलं की वारं आसं येतं की श्वास घेऊ देत न्हाय. खाली शेतं दिसत्यात, चौकड्याच्या लुगड्यावानी. म्या दाराची कड धरली. तवा अब्बा ध्यानात आले. दुष्काळात म्या त्यांचा डबा घेऊन गोदामाला जायचो. लोक हसायचे म्हनून लिंबाखाली डबा ठिवायचो आन् पळून यायचो. मीबी मनात हसायचो. तिथं दारात उभा ऱ्हायलो तवा कळलं, लोक हासत आसताना रोज जाऊन बसायला किती जड गेलं आसंल त्यांना. माझं तर एका उडीचं काम व्हतं. मारली उडी."

पाशामियाँ काठीच्या मुठीवरून बोट फिरवत होते. म्हणाले, "म्या समजत व्हतो, तू माझ्यामुळं लाजून लष्करात गेलास."

"लाजूनच गेलतो अब्बा," जैनोद्दीन म्हणाला. "पन तिथं ऱ्हायलो ते तुमचं बघून."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, सारखी केली, पुन्हा घातली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी सरबताचा रिकामा पेला तोंडाला लावून बसलो.

हमिदाबी उठली. पडद्याआड गेली, थोरल्या मुलीशी काहीतरी बोलली, लालबीशी बोलली, आणि साखरेची वाटी घेऊन बाहेर आली. ती तिनं आधी पाशामियाँच्या हातात दिली.

"रिकामं गोदाम ज्यांनी सोडलं न्हाय," ती म्हणाली, "ते माझी पोरगी सोडत न्हाईत."

मग पडद्यामागून लालबीचा आवाज आला. आईला म्हणून, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अम्मा, इचार की, पडताना डोळं उघडं आसत्यात का मिटल्यालं?"

जैनोद्दीन पहिल्यांदा मोकळा हसला. "पहिल्या बारीला मिटलं व्हतं. आता उघडं ठिवतो म्हनून सांगा."

मला वाटलं, ही पोरगी माझ्या जातकुळीची आहे, हिचे प्रश्न माझ्यापेक्षा सरस आहेत. लोहाऱ्याला बसून विचारायचं मलाही बरंच होतं. विमानातून उतरताना काय आठवतं, छत्री नाहीच उघडली तर, खाली बोरी-बाभळीत पडलं तर. पण पाशामियाँ उठून उभे राहिले होते आणि दारातून उन्हाकडे पाहत होते. पाऱ्याची वेळ होत आली होती.

जळकोटला उतरेपर्यंत दिवस कलला होता. गावात पोचल्यावर घरून डबा घेऊन जैनोद्दीन वडिलांबरोबर गोदामाकडे निघाला. तीच लालसर टोपी, तेच बूट. हौसेनं मीही मागे गेलो. सोसायटीच्या कट्ट्यावर तात्याराव आणि चारदोन मंडळी बसली होती. जैनोद्दीन लिंबापाशी आला, पण थांबला नाही. सगळ्यांच्या देखत पुढे गेला, गोदामाच्या दाराशी वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसला आणि डबा उघडला.

तात्यारावांनी हाक मारली, "जैनू, ये की इकडं कट्ट्यावर! लग्नाचं काय ठरलं?"

"येतो सकाळी," तो तिथूनच म्हणाला. "आता पाऱ्यावर हाय."