थांबणारी अक्का

आमची अक्का भाजी आणायला निघाली की भाजीवाल्याचं दुकान बंद व्हायच्या आत ती तिथे पोचेल, याची खात्री नसे. बेंगळूरुच्या चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत एकाही दारापुढून अक्का न थांबता गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का, हा तिचा प्रश्न. इथे सगळेच तो विचारतात आणि पुढे जातात. अक्का उत्तर ऐकायला थांबते. उत्तरात कुणाचा गुडघा निघतो, कुणाची सून निघते, कधी संपलेलं सिलिंडर निघतं. ते सगळं मार्गी लावून ती घरी येई तेव्हा पिशवी रिकामीच असे. मग भाजी आणायला मला पिटाळत.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. लग्न केलं नाही, विमा कंपनीत नोकरी. वरच्या मजल्यावर ती आणि तिची आई, जिला सगळी पेठ अम्मा म्हणते. खालच्या मजल्यावर आम्ही. या मराठी मंडळींचे पूर्वज इथे कधी आले ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. मी सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी आलो, जावई झालो, केस पिकवले, तरी अक्काच्या लेखी अजून 'पुणेकर'च आहे. तोंडावर मी तिला अहोजाहो करतो. पण अहोजाहोत ती कागदावर मावत नाही, म्हणून इथे एकेरी.

"माझं सगळं अर्ध्यावर," हे तिचं लाडकं वाक्य. हसत म्हणायची, त्यामुळे आम्हीही हसायचो. वडील आजारी पडले तेव्हा एम.कॉम. अर्ध्यावर राहिलं. माझ्या बायकोच्या बाळंतपणात वीणा शिकणं राहिलं. बढती दोनदा आली, बदली घेऊन आली, आणि दोन्ही वेळा 'अम्माला कोण बघणार' म्हणत अक्काने ती परत पाठवली. माझ्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरला एकच बाही झाली. "सरी बिडी, पुणेकर," म्हणजे जाऊ द्या हो, असं म्हणून ती वर म्हणाली, "बेंगळूरुत थंडी तरी कुठे पूर्ण पडते?"

पन्नाशीत तिच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण गल्लीत अक्काचं चालणं म्हणजे पावलं कमी आणि चौकशा जास्त. शेवटी बायकोने तिचं नाव बायकांच्या पोहण्याच्या वर्गात घातलं. चिकपेटेच्या बाजारातून पोहण्याचा पोशाख आला. अम्माने तो दोन बोटांत धरून उजेडात फिरवला आणि विचारलं, "हा आतून घालायचा की बाहेरून?"

महिन्याभरात अक्का पोहायला लागली. पुढे तर तलावातून बाहेर यायलाच तयार होईना. एकदा मी तिला आणायला गेलो होतो. टॉवेलने कान पुसत ती माझ्या जवळ आली आणि काहीतरी चोरी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "पुणेकर, पाण्याखाली कुणाची हाक ऐकू येत नाही हो!" मी हसलो. नंतर भाजी निवडताना (तेव्हाही मीच) ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

त्याच तलावावर कोरमंगलाची काही पोरं यायची. दिवसभर संगणकापुढे बसायचं आणि पहाटे स्वतःचे हाल करून घ्यायचे, अशा पंथातली. त्यांच्याकडून अक्काला ट्रायथलॉन कळलं: आधी पोहायचं, तसंच ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, मग उतरून धावायचं, मध्ये विश्रांती नाही. त्यातली अर्ध्या अंतराची शर्यत तिने धरली. अर्धी म्हणजे तलावात जवळजवळ दोन किलोमीटर, सायकलवर नव्वद आणि पायी एकवीस, आणि तेही ठरलेल्या वेळेच्या आत. पाव किलो जिऱ्यासाठी स्कूटर काढणाऱ्या मला ते आकडे ऐकूनच धाप लागली.

"अगं, शर्यतसुद्धा अर्धीच निवडलीस!" बायको म्हणाली.

"पूर्ण तर करू दे, मग नावं ठेव," अक्का म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

पहिल्या वर्षी शर्यत पूर्ण झाली नाही. कारण सांगितलं तर बाहेरच्यांना खोटं वाटेल. धावण्याच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने टेबलं मांडलेली असतात. तिथले स्वयंसेवक पाणी, केळी, संत्री, मिठाचे बटाटे पुढे करतात. धावणारे त्यातलं हवं ते उचलतात, नको ते सोडतात. अक्का अम्माच्या हाताखाली वाढलेली. समोरच्याने प्रेमाने पुढे केलेलं नाकारायचं नसतं, हे तिच्या हाडात. तिने प्रत्येक टेबलावर प्रत्येक गोष्ट घेतली, खाल्ली, आणि वर देणाऱ्याला विचारलं, "तुझं झालं का जेवण?" सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या त्या मुलांना हे विचारणारं दुसरं कुणी भेटलं नसावं, ती मनापासून उत्तरं देत होती. अखेर पोट बिघडलं, वेळ संपली, आणि शेवटच्या फेरीच्या आधीच तिला बाजूला काढलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बघा, हेही अर्ध्यावर." आम्ही सवयीने हसलो. ती मागच्या अंगणात गेली आणि धुतलेलीच सायकल पुन्हा धूत बसली. मग आमचं हसू ओशाळलं.

पुढचं वर्षभर तिने पाय कमी आणि जीभ जास्त कमावली. ऑफिसात चहा आला की "नको." शेजारणीने वडे आणले की "आत्ता नको." प्रत्येक 'नको'नंतर तिचा चेहरा कुणाचा तरी पाय तुडवल्यासारखा व्हायचा. कोरमंगलाची पोरं तिची परीक्षा घ्यायची. धावताना दोन्ही बाजूंनी केळी पुढे करायची. एव्हाना तीही तिला अक्का म्हणायला लागली होती.

दुसऱ्या वर्षी अम्माने जाहीर केलं, "मी बघायला येणार." अक्काने सगळ्यांना बसवून नियम सांगितला: टेबलांवरचं सोडून बाहेरच्या कुणाकडून घोटभर पाणी जरी घेतलं, तरी शर्यतीतून बाद.

"मी बाहेरची?" अम्माने विचारलं.

"तसं नाही ग, अम्मा..."

"आईच्या हातचं म्हणजे बाहेरचं? कुणी केला हा नियम? त्याला आई नव्हती?"

शर्यत शहराबाहेरच्या एका तलावावर होती. अक्का पाण्यातून व्यवस्थित बाहेर आली, सायकलवरून थोडी उशिरा आली, आणि ऊन तापल्यावर धावायला लागली. बायको शेवटच्या रेषेपाशी थांबली. तलावाच्या बांधावर घडीच्या खुर्चीत अम्मा आणि तिच्यावर छत्री धरून मी. क्रीडाक्षेत्राला माझं एवढंच योगदान.

अक्का शेवटच्या फेरीला दिसली. ती धावत नव्हती, फक्त पडत नव्हती. ओठ पांढरे पडलेले. मी घड्याळ पाहिलं. याच चालीने गेली तर जेमतेम पोचेल. थांबली तर नाही. आणि त्याच क्षणी छत्रीखाली हालचाल झाली. अम्माने पिशवीतून थर्मास काढला आणि स्टीलच्या लोट्यात पानक ओतलं. गूळ, लिंबू, वेलची, सुंठ. वास माझ्यापर्यंत आला. पहाटे उठून तिने ते केलं होतं आणि थर्मासमध्ये चहा आहे असं मला सांगितलं होतं. दहा पावलांवर नियम बघणारा माणूस शिट्टी गळ्यात घालून उभा.

"अम्मा, बसा. बाद करतील तिला," मी म्हणालो.

"तुम्ही छत्री धरा," अम्मा म्हणाली आणि वाटेच्या कडेला जाऊन लोटा पुढे करून उभी राहिली. "अगं, एक घोट घे. किती सुकलीयस! एकच घोट."

अक्काची पावलं मंदावली. पन्नास वर्षांत त्या हातातलं तिने काही परत केलेलं नव्हतं. तिचा उजवा हात वर आला, लोट्याच्या दिशेने अर्धा गेला. मी डोळे मिटले, पण पुरते मिटले नाहीत. तो हात तिथून वळला आणि तिने अम्माच्या गालाला नुसता लावला.

"अम्मा, नको," ती म्हणाली, आणि निघाली. मागे न बघता.

अम्मा लोटा धरून तशीच उभी. पानक हिंदकळत होतं. शिट्टीवाला जवळ आला, लांब जाणाऱ्या अक्काकडे बघितलं, अम्माकडे बघितलं, आणि हात पुढे करून म्हणाला, "अज्जी, ननगे कोडी." मला द्या. अम्माने लोटा त्याच्या हातात दिला. तो एका दमात प्यायला.

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला. ती रडतच ओरडत होती, "झाली! वेळेत झाली! पूर्ण झाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नातेवाइकांना फोन लावले. पहिला मैसूरच्या मावशीला: "माझ्यासमोरून गेली ग, थांबली नाही!" त्यात रडणं होतं. दुसऱ्या फोनवर तेच वाक्य, नुसती तक्रार. तिसऱ्या-चौथ्या फोनला मी चहा घेऊन वर गेलो, तर अम्मा ताठ बसून सांगत होती, "माझ्यासमोरून गेली! थांबली नाही!" शब्द तेच, पण आवाज पदक मिळाल्यासारखा.

गेल्या वर्षी अक्काला तिसऱ्यांदा बढती आली. बदली कारवारला. तिथे समुद्र आहे, हे तिने सांगायच्या आधीच आम्हाला कळलं होतं. अम्माला बघायला आम्ही खालीच आहोत हे मी विसरलो आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "अक्का, अजून दोन वर्षं थांबलात तर?" "नको, पुणेकर," ती म्हणाली. आता 'नको' म्हणताना तिचा चेहरा कुणाचा पाय तुडवल्यासारखा होत नाही.

निघायच्या दिवशी सामान रिक्षात गेलं होतं. अम्मा वर तिच्या खुर्चीत. "चला ना खाली, निरोप द्यायला," मी म्हणालो.

"दारापर्यंत आले तर हात धरून ठेवीन तिचा," अम्मा म्हणाली. "पन्नास वर्षांची सवय आहे. मी इथेच बरी."

अक्का वाकली, पाया पडली. "येते, अम्मा."

"हं. जा."

अम्माने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.