दारावरची पिशवी

स्तोयनाला गावात सगळे 'सरकार' म्हणत. स्ट्रांजाच्या डोंगरातल्या त्या गावात सरकार म्हणावं असं दुसरं उरलंच काय होतं! गाडीतून आलेला पाव घरोघर पोचवायचा स्तोयनानं, टपाल आणि पेन्शन वाटायचं तिनंच, विजेच्या मीटरचे आकडे तिनंच टिपायचे. कुणी वारलं की निधनाची बातमी आणि त्याचा फोटो छापलेला कागद त्याच्याच दारावर चिकटवायचा, तोही तिनंच.

"किती कामं ओढून घेशील गं? हावरट मेली!" शेजारीण डोब्रिंका टोमणा मारायची.

"कामं कुठली? काम एकच आहे," स्तोयना म्हणायची. कुठलं ते विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

पोरं स्पेनला गेलेली, घराघरात एकेकटं म्हातारं माणूस. एका हिवाळ्यात जुने मास्तर चुलीपाशी मरून पडले आणि गावाला कळलं ते वास सुटल्यावर. स्तोयनाला ते फार लागलं. रोज प्रत्येक दार कुणीतरी वाजवलंच पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं. पण नुसतं 'कसे आहात' विचारायला जावं, तर ही माणसं फाटकातूनच खेकसणार, "का, मी मेले की नाही बघायला आलीस?" म्हणून मग पाव, टपाल, मीटर. दार उघडलं नाही तर पावाची पिशवी कडीला अडकवायची. दुसऱ्या दिवशी ती तशीच दिसली की सरळ दार ढकलून आत शिरायचं. न्हाणीघरात पडलेल्या डोब्रिंकाला असंच तिनं उचलून आणलं होतं.

पण पाव वाटणारीच्या दाराला पिशवी कोण अडकवणार?

ऐन थंडीत स्तोयना तळघराच्या पायऱ्यांवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तिथं पडल्या पडल्या तिला वरून फाटकाचा आवाज आला.

"स्तोयना! अगं पाव कुठाय?" डोब्रिंकाच ती. स्तोयना ओरडली, पण घशातून फुटलेला आवाज तळघराबाहेर गेला नाही. "रुसल्या वाटतं सरकार!" असं म्हणून डोब्रिंका निघून गेली. मागून आणखी दोघं येऊन शिव्या घालून गेले. दुसऱ्या दिवशी पावाची गाडी आणणारा मेतोदी रिकामी खोकी न्यायला तळघरात उतरला, म्हणून ती वाचली.

इस्पितळातून ती परतली तेव्हा डोब्रिंका सूप घेऊन आली. स्तोयनानं चमचा खाली ठेवला.

"दार ढकललं का नाहीस गं?"

डोब्रिंका खरोखरच गोंधळली. "मी? अगं, दार ढकलायचं काम तुझं ना!"

स्तोयनाच्या तोंडाची चव गेली. एवढी वर्षं तंगडतोड केली ती यांच्यासाठी! सगळी कामं सोडून द्यायची, असं तिनं ठरवलं. पण दुसरं कोण करणार? वसंतात काठी टेकत ती पुन्हा निघाली, पण दार वाजवणं बंद. पिशवी अडकवायची आणि चालू पडायचं.

एके सकाळी डोब्रिंकाच्या कडीला कालची पिशवी तशीच होती. स्तोयनानं दुसरी तिच्या शेजारी अडकवली आणि पाठ फिरवली. मरू दे तिकडे! फाटकापर्यंत गेली. पाय पुढे पडेना. मग स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडून ती वळली आणि काठीनं दार ढकललं.

डोब्रिंका टेबलाशी कॉफी पीत बसली होती. धडधाकट.

"पिशवी मीच काढली नाही," ती म्हणाली. "म्हटलं बघावं, अजून आत येतेस का."

स्तोयनानं काठी जमिनीवर आपटली. "आणि आले नसते तर?"

"तर मुलाला फोन करणार होते, मला घेऊन जा म्हणून." डोब्रिंकानं कप खाली ठेवला. "तो काही नेणार नव्हता म्हणा."

स्तोयनाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. कडीवरच्या पिशव्या काढून दोन्ही पाव तिनं टेबलावर आदळले आणि पुढच्या दाराकडे निघाली.