यमुनाताईला शोधत आलेली नोकरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

नववीत शाळा सोडून सुरगाण्याहून नाशकात आले, ती पळायला. शर्यतीत नाव काढायचं होतं. मैदानावर यमुनाताई भेटली, आमच्याच तालुक्यातली. तिने खोलीत जागा दिली, स्वतःचे जुने बूट दिले. पहाटे माझ्यामागून पळत ओरडायची, "खांदे सोड गं, डोक्यावर हंडा हाय का?" सगळं मैदान हसायचं. मीही. ते दिवस आठवले की अजून पोटऱ्या भरून येतात — आणि बरं वाटतं.

नाव काही निघालं नाही. ताईने मग ट्रेनरचा कोर्स केला. पण ट्रेनर कायमचा कुणाला हवा असतो? शाळा बोलावते, खेळांच्या स्पर्धा संपल्या की पुरे म्हणते. जिमवाले आज आहेत, उद्या नाहीत. ताई वाट बघत राहिली.

त्या आषाढात ती आवणीला घरी गेली. भात लावायला आमच्याकडे सगळे जातातच, काम असो नसो. पाड्यावर रेंज नाही. नेमक्या तेव्हाच मुलांना पळायला शिकवणाऱ्या एका अकादमीच्या मॅडम मैदानावर आल्या — ताईला शोधत. फोन लागत नव्हता. जागा कायमची होती. "कधी येईल ती?"

चार दिवसांनी येणार होती. संध्याकाळच्या जीपने चिठ्ठीही पोचली असती, ड्रायव्हर ओळखीचा. मी काय म्हणाले? "ती आता नाय येणार, मॅडम. लग्न ठरलंय तिचं." मग जरा थांबले — ते थांबणंच जास्त खुपतं — आणि म्हणाले, "मला येतं मुलांना शिकवता."

ताई नागलीचे पापड घेऊन परतली. माझी बातमी ऐकून तिने मला मिठी मारली. "आपल्यातली एक तरी लागली बाय." तेव्हा सांगता आलं नसतं का? मी पापड भाजायला घेतले.

ताई आता सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. अजून म्हणते, "तुझ्याकडं जागा निघाली तर सांग हां."

गेल्या वर्षी निघाली होती. मी सांगितलं नाही. ती आली असती, तर मॅडमनी तिला लग्नाचं विचारलं असतं.